स्वरांचा नाणेघाट

शहापूर-मुरबाडच्या माणसाला घाट म्हणजे काय हे सांगायला नको. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखऱ्याहून नाणेघाट चढले की माथ्यावरच्या लेण्यात सातवाहनांचा लेख दिसतो. यज्ञात दिलेल्या गाई नि कार्षापण त्यात आकड्यांनी नोंदले आहेत. शेजारी जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण. घाटावरचा माल कोकणात उतरायचा तर मधे हिशेब जाणणारा कोणी हवाच. विजेच्या वाद्यांनाही असाच एक नाणेघाट ओलांडावा लागला. त्याची ही हकीकत.

1964 साली अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी विजेच्या दाबावर स्वर चढवणारे वाद्य बनवले. दाब एका व्होल्टने वाढला की सूर एक सप्तक वर. 1969 साली असे एक यंत्र अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत आले आणि गीता साराभाईंसारख्या संगीतज्ञांनी त्यावर प्रयोग केले.

पुढे जपानच्या कोर्ग आणि यामाहा यांनी काही वाद्यांत निराळे माप धरले. तेथे दाब दुप्पट झाला की सप्तक चढे. आता गंमत पाहा. एक व्होल्टचे दोन केले तर दोन्ही वाद्ये एकेक सप्तक चढतात. पण दोनाचे तीन करताच पहिले वरचा षड्ज गाठते आणि दुसरे पंचमावरच थांबते! तार तीच, वीज तीच, पण माप वेगळे. म्हणजे शेर आणि किलो एकाच तागडीत.

1982 साली मुंबईत चरणजित सिंग यांनी रोलँडची तीन यंत्रे घेऊन दहा राग ध्वनिमुद्रित केले. त्या यंत्रांत समान भाषा नव्हती; तालाचे ठोके तारेने पोचवूनच त्यांची सांगड घालावी लागे. पुढच्याच वर्षी, जानेवारी 1983 मध्ये, अमेरिकेत डेव्ह स्मिथ यांचे आणि इकुतारो काकेहाशींच्या रोलँडचे अशी दोन वाद्ये एका तारेने जोडून दाखवण्यात आली. या नव्या बोलीचे नाव मिडी. तीत दाब नाही, आकडे आहेत. 0 ते 127 पर्यंत प्रत्येक पट्टीला एक आकडा.

मग जुन्या वाद्यांचे काय? त्यांच्यासाठी दुभाषी डबी आली. ती आकडा घेते आणि दाब देते. पट्टीमागे व्होल्टचा बारावा भाग. या हिशेबात शेकडा एकाचीही चूक परवडत नाही. पाच सप्तके चढेपर्यंत सूर शेजारच्या पट्टीच्या अर्ध्याहून अधिक वाटेवर जाऊन बसतो.

मला मात्र खरी अडचण निराळीच वाटते. आकडा पायरीपायरीने चढतो, दाब उतारावरून घसरतो. आणि आपली मींड घसरणारी! याच कारणासाठी आकाशवाणीने 1940 ते 1971 पर्यंत पेटी बाहेर ठेवली होती. मिडीने सूर वाकवण्यासाठी 16,384 बारीक पायऱ्या दिल्या आहेत. पण डबी त्या उतरवू शकत नसेल तर दाबाची मूळची लवचीकता फुकट जाते.

आमच्याकडच्या भजनात पेटी पट्टीवर थांबते आणि बुवा मधली वाट गळ्याने भरून काढतात. यंत्राला बुवा नाही. म्हणून दुभाष्याने नुसते शब्द सांगून भागत नाही. हेलही सांगावा लागतो.