सोलापूर ते केडगाव, तिसरा वर्ग

मोबाइल घरी ठेवा, डोक्याला काहीतरी गुंडाळा आणि अंगात जुनेच कपडे घाला. नवे घातलेत तर संध्याकाळपर्यंत कोळशानं काळे होतील. साल 1922. पाडवा नुकताच झालाय आणि तुम्ही सोलापूर स्टेशनच्या फलाटावर घामानं निथळत उभे आहात.

जुन्या गिरणीचा भोंगा आत्ताच होऊन गेला. सुताला लावलेल्या खळीचा आंबूस वास वाऱ्यावर येतोय. शेजारी दोन विणकर तेलुगूत हुज्जत घालताहेत, पलीकडं कुणीतरी हमालाला कानडीत झापतंय, आणि या सगळ्यांवर ताण करत पाणीवाला ओरडतोय. हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं. कुठलं प्यायचं ते लवकर ठरवा, गुलबर्ग्याकडून गाडी येतेय.

चढा. म्हणजे ढकलले जा. चैत्री एकादशी तोंडावर आलीय, त्यामुळं अख्खा डबा पंढरीला निघालेला. तुमच्या मांडीवर कुणाचं तरी बोचकं, पाठीत कुणाचा तरी वीणा, पायाखाली कोंबडी नसेल असं समजून चाला. घाम, तंबाखू, बुक्का आणि शेंगाचटणी यांचा मिळून एक वास झालाय. पहिल्या पंधरा मिनिटांत तो नकोसा होतो, नंतर भूक लागते. खिडकीतून डोकं बाहेर काढू नका असं सांगणार होतो, पण तुमच्या डोळ्यात कोळशाचा कण गेलाच.

पदराच्या टोकानं तो काढणारी समोरची बाई तिशीची असेल. तिची बोटं बघा. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी काळपट, नखांत शाई. गुलबर्ग्याला पंडिता रमाबाईंनी मुलींची शाळा काढलीय, तिथं काही सामान पोचवून ती परत निघालीय. शेजारच्या माळकरी आजींनी तिची चौकशी सुरू केलीय.

"माहेर कुठलं गं तुझं?"

"केडगाव."

"आन् सासर?"

"तेपण केडगावच."

आजींना हे पटलेलं नाही. मग आईबापांचा विषय निघतो. ती सांगते, गुजरातेत होते, छप्पनच्या, म्हणजे 1900 च्या दुष्काळात गेले. आधी बाप, मग आई. हे ती इतक्या सरळ सांगते की तुम्हीच खिडकीबाहेर बघायला लागता. बाहेर मोहोळची रानं, ज्वारी काढून उघडी पडलेली, कडब्याच्या गंजी उन्हात पांढऱ्या पडलेल्या.

"नशीब बाई एकेकाचं," आजी म्हणतात.

"नशीब नाही, आजी. मला कुणीतरी शोधत आलं होतं."

आजी तिच्याकडं बघतात, भाकरीचा तुकडा मोडतात, वर चटणी ठेवतात आणि तिच्या हातावर देतात. तुम्हालाही मिळतो. चटणी तिखट आहे, आणि पाणी संपलंय.

कुर्डुवाडीला डबा रिकामा होतो. सगळी वारी टाळ वाजवत पलीकडच्या बार्शी लाइनच्या छोट्या गाडीकडं धावते, आणि तुम्हाला पहिल्यांदा पाठ टेकायला मिळते. दुपारची फळी इतकी तापलीय की मिळालं तरी सुख नाही. भीमेचा पूल लागतो. पात्रात वाळूच जास्त. आता ती बाई मोकळेपणानं बोलते. केडगावात रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, त्याच्या छापखान्यात ती खिळे जुळवते. गेल्या जुलैत मनोरमाबाई गेल्या, रमाबाईंची एकुलती एक लेक. रमाबाईंची शाळा, शारदा सदन, त्याच बघत. पुढचं सगळं त्यांच्यावर सोपवायचं ठरलेलं होतं.

"मग रमाबाईंनी काय केलं?"

"प्रुफं मागवली."

केडगावला उतरलात की स्टेशनपासून चालतच जायचं. अंधार पडतोय. धूळ अजून गरम आहे. चिंचेखाली बैल रवंथ करताहेत, आणि मग एकदम आवाज येतो: शंभर माणसं एकाच वेळी मोठ्यानं काहीतरी मागताहेत, कुणी रडतंय, कुणी गातंय, कुणाचा कुणाला मेळ नाही. घाबरू नका, प्रार्थना चाललीय. 1905 साली इथं जी मोठी धार्मिक जागृती झाली, तेव्हापासून मुक्तीत असं एकत्र ओरडून मागणं अंगवळणी पडलंय. दुःखात देवाच्या इच्छेपुढं मान तुकवणं म्हणजे ओठ मिटून बसणं, अशी माझी समजूत होती. इथं उभं राहिलं की ती टिकत नाही.

ही वस्ती दुष्काळातूनच उभी राहिली. 1897 मध्ये मध्य प्रांतातून, मग 1900 मध्ये गुजरातेतून, हाडांचे सापळे झालेल्या मुली रमाबाईंनी इथं आणल्या. एके काळी आकडा दोन हजारांच्या घरात गेला होता. अंध बायकांसाठी वेगळं सदन आहे. मनोरमाबाई अमेरिकेहून ब्रेल शिकून आल्या आणि इथं शिकवायला लागल्या. आज त्यांच्या विद्यार्थिनी बोटांनी वाचताहेत. दिवा लागला काय आणि विझला काय, त्यांचं वाचन थांबत नाही.

छापखान्यात या. डोकं खाली घ्या, चौकट बुटकी आहे. शाई, रॉकेल, ओला कागद, डोळे चुरचुरतील. देवनागरीचे खिळे म्हणजे शेकडो खण: काना, वेलांटी, जोडाक्षरं. बायका न बघता हात घालतात आणि नेमका खिळा उचलतात. ओळ उलटी वाचायची, सुलट छापायची. एक खिळा हातात घ्या बरं. घसरला ना? तो शोधूनच उठा, त्याच्यावाचून ओळ अडलीय.

पलीकडच्या खोलीत कंदिलाखाली पांढऱ्या लुगड्यातली, आखूड पांढऱ्या केसांची बाई कागदावर वाकलीय. हाक मारू नका, त्यांना फार कमी ऐकू येतं. आई-वडील दुष्काळात उपासमारीनं गेले, तेव्हा त्या सोळा वर्षांच्या होत्या. मग भाऊ. मग पती बिपिनबिहारी, लग्नाला दोन वर्षंही पुरी झाली नव्हती, पटकीनं. आणि आता मनोरमा. खेड्यातल्या बाईला कळेल असं बायबल मराठीत आणायचं म्हणून त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. जवळजवळ अठरा वर्षं हे काम चाललंय, आणि उरलेली प्रुफं तपासण्यापुरतं आयुष्य त्या देवाकडं मागताहेत, असं इथल्या बायका सांगतात. 5 एप्रिलला त्या जाणार आहेत. तुम्हाला हे माहीत आहे, या खोलीत आणखी कुणाला नाही. तोंड बंद ठेवा. पुस्तक 1924 मध्ये निघेल.

तुमच्या जिभेवर एक प्रश्न कधीचा आहे. एवढं सगळं एखाद्या हेतूनं घडलं, असं मानायचं तरी कसं? मला विचाराल तर यातला कुठलाही मृत्यू मला हेतूत बसवता येत नाही, आणि जो पटकन बसवून दाखवतो त्याच्यापासून मी लांब राहतो. पण तो प्रश्न रमाबाईंना विचारू नका, त्या कामात आहेत. खिळे जुळवणारीला विचारा. तिनं ईयोबाचं पुस्तक अक्षर अक्षर करून लावलंय: गुरंढोरं गेली, लेकरं गेली, अंगभर गळवं आली, आणि राखेत बसून देवाशी भांडणारा तो माणूस तिनं उलट्या अक्षरांत, इतरांपेक्षा सावकाश वाचलाय.

"शेवटी त्याला कारण कळतं का?" तुम्ही विचारता.

ती खिळे जुळवायच्या स्टिकवरून मान वर काढत नाही. "नाही."

"कधीच नाही?"

"देव त्याला खूप काही विचारतो. कारण सांगत नाही."

"मग त्याचं समाधान कशानं झालं?"

"देव त्याच्याशी बोलायला आला, त्यानं." आता ती वर बघते. "माझ्या आईला भाकरी का मिळाली नाही, ते मला अजून कळलेलं नाही. रोज विचारते मी. मघाशी ऐकलंत ना, केवढ्यानं विचारतो आम्ही?"

जेवणाची घंटा होते. बाहेर ताटल्यांचा खणखणाट, भाकरीचा वास, रांगेत पुढं घुसणाऱ्या पोरींचा कलकलाट. तुम्हीही निघता. "थांबा," ती म्हणते आणि रॉकेलचं फडकं तुमच्या हातात देते. "बोटं पुसा आधी. आणि तो खाली पडलेला खिळा? सापडला का?"