हेळव्याच्या वहीत नसलेली पणजी

आमच्या कोल्हापूरच्या घरी दर तीन-चार वर्षांनी हेळवी येतो. पूर्वी बैलावर बसून यायचा म्हणे. आता मोटारसायकलवर येतो आणि निघण्याआधी आत्याला फोन करतो. पुण्यातल्या माझ्या ऑफिसात हेळवी म्हणजे काय, हे कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून आधी तेवढं सांगतो. उत्तर कर्नाटक आणि त्याला लागून असलेल्या कोल्हापूर-सांगलीकडच्या पट्ट्यात घराण्यांच्या वंशावळी सांभाळणारी ही माणसं. नाशिक-त्र्यंबकला तीर्थोपाध्यायांकडे आपण जातो, तिथल्या वहीत आपली नावं लिहून येतो. हेळवी मात्र स्वतः दारात येतो. मूळ गाव कुठलं, तिथून कोण उठलं, कुणाला किती मुलगे झाले हे वाचून दाखवतो, मधल्या काळात जन्मलेल्यांची नावं भरतो, धान्य-पैसे घेतो आणि पुढच्या घरी जातो. त्याच्या बापानं आमच्या आजोबांना वाचून दाखवलं होतं, आजानं पणजोबांना.

चार वर्षांपूर्वी तो आला तेव्हा मी वर्क फ्रॉम होममुळे कोल्हापुरातच होतो. त्यानं अकरा पिढ्या वाचल्या. मी मोबाइलवर रेकॉर्ड केलं आणि रात्री बसून एका ॲपमध्ये झाड भरायला घेतलं. पुरुषांच्या चौकटी तासाभरात भरल्या. बायकांच्या जागी ॲप लाल रंगात ‘नाव आवश्यक आहे’ म्हणत राहिलं, कारण हेळव्याच्या वहीत आमच्या घरातल्या बायकांची नावंच नव्हती. कुणाची बायको कुठल्या गावची, एवढीच नोंद. डेटाबेस लिहिणाऱ्याला हा प्रकार लगेच कळतो: दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवणारा रकाना आहे, पण ते टेबल कुणी बनवलेलंच नाही.

आडनावाचाही घोळ निघाला. वहीत आम्ही जुन्याच आडनावानं आहोत. पणजोबा नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे, पुढे त्यांनी फोटो स्टुडिओ काढला, आणि आजोबांना शाळेत घालताना मास्तरांनी आडनाव लिहिलं ‘पेंटर’. कोल्हापुरात यात नवल नाही. बाबूराव पेंटर मुळात बाबूराव मेस्त्री. ते आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव, दोघेही नाटकांचे पडदे रंगवता रंगवता पेंटर झाले. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना सिनेमाचं वेड लागलं. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे कॅमेरा कोल्हापुरातच बनवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ केला. आमचे पणजोबा या मंडळींच्या आसपास होते असं घरात सांगतात. पुरावा काही नाही. कोल्हापुरातल्या प्रत्येक जुन्या पेंटरच्या घरी हे सांगतात, तेव्हा मी ते बाजूला ठेवतो.

आमच्या घरात पुरावा आहे तो एका फोटोचा. देवघराच्या शेजारी टांगलेला, शिसवी चौकटीतला, हातानं रंगवलेला. मध्ये पणजोबा, मांडीवर वर्षभराची मुलगी, बाजूला दोन मुलगे. त्यातला थोरला म्हणजे माझे आजोबा, वय सातेक. आणि पणजोबांच्या डाव्या हाताला खुर्चीत पणजी. हिरवी साडी, पिवळे काठ, नाकात नथ. आजोबांचा जन्म १९२६चा, म्हणजे फोटो १९३३च्या आसपासचा. आत्याला लहानपणी सांगितलेली गोष्ट अशी: आजी फोटोला बसली आणि महिनाभरात तापानं गेली. पणजोबांनी पुढे दुसरं लग्न केलं. आत्याला वाढवलं ते त्या दुसऱ्या आजीनं. पण रोज सकाळी हळद-कुंकू या फोटोतल्या आजीला.

त्या काळी रंगीत फोटो म्हणजे काळ्यापांढऱ्या प्रिंटवर ब्रशनं चढवलेला रंग. गालांना किंचित गुलाबी, जरीला पिवळा. गिऱ्हाइकानं सांगितलं तर अंगावर नसलेला दागिनाही घालून मिळायचा. काचेच्या निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीनं सुरकुत्या भरून काढायच्या, त्याला स्टुडिओत ‘रिटचिंग’ म्हणत. आज आपण ज्याला फिल्टर म्हणतो ते काम तासन्‌तास उजेडाकडे काच धरून चालायचं आणि त्यात डोळे जायचे.

आमच्या माळ्यावर अशा काचांची एक पेटी होती. पूर्वी अशा पेट्या कितीतरी असणार. स्टुडिओ बंद झाल्यावर बहुतेक काचा गरम पाण्यात धुऊन देवांच्या तसबिरींना लावल्या, हे आत्यानं अगदी सहज सांगितलं. आमच्याच देवघरातल्या अंबाबाईवर कुणाचा तरी धुऊन काढलेला चेहरा असेल. उरलेल्या पेटीत त्रेचाळीस काचा निघाल्या. मी एक एलईडी पॅनल आणलं, त्यावर काच ठेवून मोबाइलनं फोटो काढायचा आणि रंग उलटे करायचे, एवढंच तंत्र. दोन शनिवार-रविवार गेले. लग्नाची जोडपी, कुस्तीगीर, एक कुत्रा, खूप बाळं.

एकतिसावी काच आमच्या फोटोची होती. तोच पडदा, तोच कमानीचा देखावा, पणजोबा, तिन्ही मुलं. डावीकडे खुर्ची. खुर्चीत कोणी नाही.

आधी वाटलं, ही चाचणीची काच असेल, पणजी नंतर येऊन बसली असेल. पण पुढे अडतिसावी काच निघाली. त्यात पणजी खुर्चीत आहे आणि तिच्या खांद्याभोवती केसाएवढी बारीक रेघ आहे. कात्रीची. म्हणजे दुसऱ्या फोटोतून तिला कापून काढलं, या प्रिंटवर चिकटवलं, कडा रंगानं मिटवल्या आणि त्या सगळ्याचा पुन्हा फोटो घेतला. गेलेल्या माणसाला कुटुंबाच्या फोटोत बसवून देणं हे स्टुडिओवाल्यांचं नेहमीचं काम होतं. भिंतीवरच्या फोटोत बाकीच्यांच्या पापण्या मोजता येतात आणि पणजीचा चेहरा मात्र मऊ आहे, ते का, हेही आता कळलं. तो लहान चेहरा मोठा केलेला होता. पणजोबांनी पहिला फोटो घेतला तेव्हाच ती नव्हती. खुर्ची मांडून, तिच्यापुरती जागा सोडून मुलांना उभं केलं होतं.

मला हा शोध इतका आवडला की मी लॅपटॉप घेऊन थेट आत्याकडे गेलो आणि म्हणालो, “आत्या, हा फोटो फोटोशॉप आहे.”

ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. चूक माझीच. पंच्याहत्तर वर्षांच्या बाईला तिची आजी फोटोला बसलीच नव्हती, हे सांगायची ही रीत नव्हे. तिसऱ्या दिवशी चहा ठेवताना ती एवढंच म्हणाली, “मग महिनाभरात गेली ते काय? कधी गेली ती?” ते मला सांगता येत नव्हतं. मांडीवरची मुलगी वर्षाची दिसते. म्हणजे बाळंतपणात गेली, किंवा त्यानंतर वर्षाच्या आत. मग आत्याच म्हणाली, “मूल वर्षाचं होईपर्यंत थांबले असतील. मग बसवली तिला.”

चिकटवलेला चेहरा आला कुठून, हे आता तीच विचारायला लागली. उरलेल्या काचा आम्ही दोघांनी मिळून पाहिल्या. चाळीसाव्या काचेत एक लठ्ठ व्यापारी बसलाय. छापताना जो भाग कापला जायचा त्या अगदी कडेला, पडद्याची काठी दोन्ही हातांनी धरून एक बाई उभी आहे. पदर खोचलेला, नथ नाही, कपाळावर घाम असावा. चेहरा तोच. व्यापाऱ्याकडे कोणाचं लक्ष जाईल, पण ती सरळ कॅमेऱ्याकडे बघते आहे, काम नीट चाललंय का ते तपासणाऱ्या माणसासारखी. आमच्या घरात कुणालाही ती स्टुडिओत काम करायची हे माहीत नव्हतं. नथ आणि हिरवी साडी पणजोबांनी ब्रशनं दिलेली.

त्या काळातल्या बायका चित्रांत कशा येत होत्या, हे मी नंतर वाचत गेलो. ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीचं काम साळुंके नावाच्या पुरुषानं केलं, कारण त्या भूमिकेला बाई मिळाली नाही. बाबूरावांनी ‘सैरंध्री’त बायकांना घेतलं. गुलाबबाई आणि अनसूयाबाई. पण पडद्यावर त्यांची नावं कमलादेवी आणि सुशीलादेवी अशी बदलून लावली. नाव बदलणं ही आपल्याकडे तशी घरचीच गोष्ट. लग्नात तांदळाच्या ताटात नवऱ्यानं अंगठीनं नवीन नाव लिहायचं आणि त्या दिवसापासून जुनं नाव माहेरातच राहायचं. ‘सैरंध्री’ची रिळं आज बघायला मिळत नाहीत. दोघींची दोन-दोन नावं मात्र इतिहासात टिकली, हे एका अर्थी नशीबच.

पेटीतल्या प्रत्येक काचेच्या कडेला शाईनं गिऱ्हाइकाचं नाव मोडीत लिहिलेलं आहे. मोडी मी लॉकडाउनमध्ये ऑनलाइन वर्गात शिकलो होतो, जेमतेम. चाळीसाव्या काचेवर व्यापाऱ्याचं नाव आहे आणि विरुद्ध कडेला, बरोबर तिच्या पायाशी, आणखी तीन अक्षरं. पहिले दोन दिवस मी ती काच उलटी धरून वाचत होतो. सरळ केल्यावर नाव लागलं. आत्या म्हणाली, “हे आमच्यात कुणाचंच नाव नाही.” महाळात पणजीचं जे नाव घेतात ते वेगळं आहे.

माहेरचं नाव असेल, हा अंदाज. पण अंदाजावर झाड भरायचं नाही, असं मी ठरवलं होतं. तेव्हा हेळव्याच्या वहीतला तो अर्धवट रकाना कामाला आला: बायको अमुक गावची. गडहिंग्लजकडचं गाव. आत्याला गाडीत घालून गेलो. तिथे त्या घराण्यातले एक आजोबा भेटले, नव्वदीच्या पुढचे. कोल्हापूरच्या फोटोवाल्याला दिलेली त्यांची एक आत्या होती, हे त्यांना ऐकून ठाऊक होतं. तिला पाहिलेलं नव्हतं. नाव विचारल्यावर त्यांनी काचेवरचंच नाव सांगितलं. मी तोपर्यंत ते उच्चारलेलं नव्हतं, मुद्दामच. निघताना मी मोबाइलमधला तिचा काठी धरलेला फोटो दाखवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि सुनेला हाक मारून म्हणाले, “हिचं कपाळ बघ, आपल्या घरचं.”

नाव इथे लिहीत नाही. आत्याचं म्हणणं, “तिला विचारता येत नाही ना? मग इंटरनेटवर नको टाकू.” पणजोबांनी तिचं माहेरचं नाव काचेवर का लिहिलं, ते तिला त्याच नावानं हाक मारायचे का, हे विचारायलाही आता कोणी नाही. मला वाटतं, मारत असावेत. कामाच्या घाईत माणूस तांदळातलं नाव कशाला आठवत बसेल!

भिंतीवरचा फोटो आहे तिथेच आहे. मी चाळीसाव्या काचेची प्रिंट काढून दिली, व्यापाऱ्यासकट. आत्यानं ती देवघरात नाही, स्वयंपाकघरात लावली.

यंदा दिवाळीनंतर हेळवी पुन्हा आला. त्यानं वही उघडली तेव्हा आत्या त्याच्या शेजारी पाटावर बसली आणि म्हणाली, “मामा, माझ्या आजीचं नाव लिहायचंय.” तो म्हणाला, अशी रीत नाही, आजोबांच्या नावात सगळं आलं. ती उठली नाही. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, “कुठलं नाव? सासरचं का माहेरचं?”

“दोन्ही.”

दोन नावांचे पैसे जास्त लागतील, असं तो म्हणाला. मी स्कॅन करून दिले. त्यानं लिहिलं ते कन्नडमध्ये आहे, त्यामुळे मला वाचता येत नाही. पानाचा फोटो काढून ठेवलाय.