ग्राफिक्स कार्ड : जुन्या व नव्या क्षमतांची तुलना

संगणकातील माहितीचे चित्रबिंदूंत रूपांतर करून ती दृश्यपडद्याकडे पाठविणाऱ्या मंडल-फलकास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. आधुनिक कार्डावर स्वतंत्र प्रक्रियक, स्वतंत्र स्मृती आणि उष्णता बाहेर टाकण्याची योजना असते. कार्डाची क्षमता विनिर्देशांतील आकड्यांनी सांगितली जाते व जुन्या-नव्या कार्डांची तुलनाही त्यांवरूनच करतात. तथापि चार दशकांत या आकड्यांचे अर्थ बदलत गेल्यामुळे ही तुलना वाटते तितकी सरळ नाही.

प्रारंभीच्या कार्डांच्या बाबतीत आकडा व परिणाम यांचा संबंध उघड होता. आयबीएम कंपनीच्या १९८१ मधील सीजीए कार्डावर १६ किलोबाइट स्मृती होती. पडद्यावर ३२० × २०० चित्रबिंदू व चार रंग दाखवावयाचे, तर प्रत्येक बिंदूस दोन बिट याप्रमाणे १६,००० बाइट लागत. तेवढ्याने स्मृती जवळजवळ भरे. याच कंपनीच्या १९८७ मधील व्हीजीए कार्डावर २५६ किलोबाइट स्मृती असून त्यावर ६४० × ४८० बिंदू १६ रंगांत दाखविता येत. अशा कार्डांचे काम साठविलेले चित्र पडद्यावर मांडणे एवढेच होते. त्यामुळे स्मृतीचा आकडा कळला की पडद्यावर काय दिसेल, हे साध्या गणिताने काढता येई.

मात्र हे गणित रोमन लिपी गृहीत धरून केलेले होते. अक्षर-अवस्थेत कार्ड २५६ ठराविक आकार एकसारख्या चौकटींत शेजारी शेजारी मांडी. देवनागरीस ही रचना अपुरी पडे. परभणी जिल्ह्यातील ‘पोखर्णी’ या गावाचे नाव घेतल्यास त्यात ओकाराची मात्रा व वेलांटी शिरोरेषेच्या वर जातात. उच्चारात ‘ण’ च्या आधी येणारा ‘र’ रफार होऊन ‘णी’ च्या माथ्यावर बसतो. म्हणजे साठवणीचा क्रम व दिसण्याचा क्रम एक राहत नाही. यावर उपाय म्हणून कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत १९८० नंतरच्या दशकात जिस्ट कार्डाचे काम झाले आणि १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने ते पुढे नेले. हे कार्ड वैयक्तिक संगणकात बसविले असता डॉस प्रणालीवरील इंग्रजीसाठी लिहिलेले आज्ञासंच न बदलता भारतीय लिप्यांत चालविता येत. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये स्वीकारलेल्या ‘इस्की’ संकेतावलीनुसार ‘पोखर्णी’ हा शब्द सात संकेतांत साठविला जातो. त्यांचे योग्य आकार जुळविणे हे कार्डाचे काम होय. स्मृतीचे किलोबाइट वा रंगांची संख्या यांत ही क्षमता कोठेही दिसत नसे. मराठीत काम करणाऱ्या कार्यालयास मात्र तीच निर्णायक होती.

त्रिमितीय चित्रणाबरोबर कार्डाचे स्वरूप पालटले. १९९६ मधील ३डीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डावर ४ मेगाबाइट स्मृती होती. १९९९ मधील जीफोर्स २५६ ने त्रिमितीय आकृतींच्या रूपांतरणाचे व प्रकाशयोजनेचे गणित मुख्य प्रक्रियकाकडून आपल्याकडे घेतले. २००६ मधील जीफोर्स ८८०० जीटीएक्समध्ये १२८ सर्वसाधारण गणनएकके आली व पुढील वर्षी एन्व्हिडिया कंपनीच्या कूडा प्रणालीमुळे चित्रणाखेरीज इतर गणितासाठीही ती वापरता येऊ लागली. २०२२ मधील आरटीएक्स ४०९० मध्ये गणनएककांची संख्या १६,३८४, म्हणजे १२८ पट झाली. स्मृतीशी होणारी देवाणघेवाण मात्र सेकंदाला ८६·४ गिगाबाइटवरून १,००८ गिगाबाइट, म्हणजे बारा पटींहूनही कमी वाढली. ज्या कामात स्मृतीतून सतत माहिती आणावी लागते, तेथे एककांची मोठी संख्या फारशी उपयोगी पडत नाही.

एककाची व्याख्याही स्थिर राहिलेली नाही. २०१८ मधील आरटीएक्स २०८० मध्ये २,९४४, तर २०२० मधील आरटीएक्स ३०७० मध्ये बरोबर दुप्पट, ५,८८८ एकके आहेत. पूर्वी केवळ पूर्णांकी गणित करणारे उपांग नव्या रचनेत अपूर्णांकी गणितही करू लागल्याने तेही मोजणीत धरले गेले. दोन्ही कार्डांची स्मृती ८ गिगाबाइट व देवाणघेवाण सेकंदाला ४४८ गिगाबाइट अशी समानच आहे. प्रत्यक्ष खेळांत नव्या कार्डाचा वेग दुप्पट न होता ४,३५२ एककांच्या जुन्या आरटीएक्स २०८० टीआयच्या आसपास राहिला. याउलट २०२३ मधील आरटीएक्स ४०६० टीआयची देवाणघेवाण २०२० मधील आरटीएक्स ३०६० टीआयच्या ४४८ वरून २८८ गिगाबाइटवर उतरली. परंतु प्रक्रियकातील जलद स्मृती ४ वरून ३२ मेगाबाइट झाली आणि विजेचा कमाल वापर २०० वॉटवरून १६० वॉटवर आला.

सार्वजनिक महत्त्वाच्या यंत्राचेही आकडे असेच पारखून घ्यावे लागतात. सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक क्रमवारीत ६३ वा ठरला. त्यात ४२ संगणक असून प्रत्येकात ए१०० जातीचे आठ, असे एकूण ३३६ चित्रप्रक्रियक आहेत. त्याची क्षमता २१० पेटाफ्लॉप्स सांगितली जाते (एक पेटाफ्लॉप्स म्हणजे सेकंदाला दहा लाख अब्ज गणिती क्रिया). क्रमवारीसाठीच्या चाचणीत मात्र ती सुमारे ४·६ पेटाफ्लॉप्स भरली. दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत. पहिला १६ बिटांच्या स्थूल गणिताचा असून गुणकांपैकी ठराविक निम्मे शून्य आहेत, असे धरून प्रत्येक प्रक्रियकाची सैद्धांतिक कमाल ६२४ टेराफ्लॉप्स मानलेली आहे. दुसरा ६४ बिटांच्या सूक्ष्म गणिताचा व प्रत्यक्ष मोजलेला आहे. यंत्राला भाषा शिकविण्याच्या कामी पहिल्या प्रकारचे गणित चालते. सूक्ष्मता आवश्यक असलेल्या वैज्ञानिक प्रतिरूपणास दुसऱ्या प्रकारचे लागते.

म्हणून जुन्या व नव्या कार्डांची तुलना करताना गणिताची सूक्ष्मता, मोजणीची रीत, स्मृतीशी होणारी देवाणघेवाण आणि विजेचा वापर ही चारही अंगे एकत्र पाहावी लागतात. त्यांनंतरही, ज्या कामासाठी कार्ड घ्यावयाचे त्याच कामावर घेतलेली चाचणी हीच खरी कसोटी होय. शाळा, विद्यापीठ वा शासकीय कार्यालय यांच्या खरेदीत हा विवेक न ठेवल्यास मोठ्या आकड्यासाठी पैसा खर्च होतो आणि काम पूर्वीच्याच वेगाने चालते.