वही उघडली की बायका उठतात

आपल्या बचत गटाची वही म्हणजे हप्ता, व्याज आणि सही. पण पारधी वस्तीत गट बांधायला गेलो, की पेन काढताच बायका उठून जातात. "नाव लिहिलं तर उद्या दारात कोण येणार?" असं विचारतात. हे भय कुठून आलं, ते सांगतो.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याची कक्षा वाढली. माणसाने काही केलं की नाही, हा प्रश्नच नाही. जमातीवर शिक्का बसला की नाव रजिस्टरात, बोटांचे ठसे आणि ठरल्या वेळी हजेरी. सोलापुरात तर कुंपणाआड वसाहत उभी राहिली. तो भाग आजही सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो.

मायकेल केनेडी या पोलीस अधिकाऱ्याचं मुंबई इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वरचं पुस्तक १९०८ चं. पोलिसांनी पोलिसांसाठी जमवलेली माहिती. यात पालातल्या बाईचं म्हणणं कुठून येणार?

३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा देशभर रद्द झाला, जमाती विमुक्त झाल्या. तरी पुढे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला, तेव्हाही या लोकांची धड मोजदाद सरकारकडे नव्हती. शिक्का मारताना मात्र यादी तयार होती!

आता शहरातून एखादी मुलगी गुन्ह्यांचा अभ्यास करायला येते. हाताशी दोन दिवस आणि एसटीचं भाडं. ठाण्यातलं रेकॉर्ड टेबलावर मिळतं. वस्ती आडवाटेला. बाई बोलत बसली तर तिची रोजंदारी बुडते, ती कोण देणार? पालाला दार नाही, सासू शेजारीच बसलेली. पारधी बोली गुजरातीला जवळची, ती समजायला दुभाषी लागतो, आणि दुभाषी म्हणून गावातलाच पुरुष आणला तर नवऱ्याच्या मारहाणीबद्दल किंवा पोलिसांबद्दल कोण तोंड उघडेल? पैसा कमी पडला, की अभ्यास पुन्हा ठाण्याच्या टेबलाशीच येऊन बसतो. आम्हाला याचीच जास्त काळजी वाटते.

म्हणून आम्ही अभ्यासकांना आधी बाईच्या मजुरीचं विचारतो. दुभाषी बाईच हवी, हेही सांगतो. कागदावर नाव नको. एका ताईंनी जागाही सुचवली आहे: नदीवर धुणं धुताना. वही तिथे आणायची नाही, एवढी त्यांची अट आहे.