पाटणचा मठ आणि शिक्षणातील जागतिक भान

खानदेशात तालुक्याच्या गावीही आता शाळेच्या पाटीवर ‘इंटरनॅशनल’ हा शब्द झळकतो. इंग्रजी माध्यम, परदेशी मंडळाची संलग्नता, भिंतीवर जगाचा नकाशा, एवढ्यावर त्याचा अर्थ भागवला जातो. या साऱ्या बाह्य खुणा झाल्या. खरी कसोटी दोन प्रश्नांची आहे. येथे घडलेले ज्ञान परक्या माणसालाही तपासून पाहता येईल, असे मांडले जाते का? आणि परक्याचे ज्ञान येथे तपासून स्वीकारले जाते का?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर चाळीसगाव तालुक्यातच कोरलेले आहे. पाटण येथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी १८६५ साली प्रकाशात आणला. त्यानुसार गणितज्ञ भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादव राजा सिंघणाचा ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने येथे मठ काढला आणि १२०७ साली निकुंभवंशीय सोइदेवाने त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. बाजारात गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा वाटा मठाकडे वळवला आहे, त्यात सुपाऱ्यांचाही उल्लेख आहे. जितके तेलघाणे चालतील, तितक्यांमागे पळी पळी तेल द्यायचे आहे. म्हणजे गणित आणि ज्योतिषाच्या अध्यापनाचा खर्च पाटणची बाजारपेठ उचलत होती. उच्च शिक्षण स्थानिक पायावर उभे असले की ते संकुचितच राहते, हा समज येथे टिकत नाही.

कारण या ग्रंथांचा प्रवास पाहा. १५४५ साली कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’वर टीका लिहिली आणि नियमांच्या उपपत्ती दिल्या. १५८७ साली अकबराच्या दरबारात फैजीने तिचे फारसी भाषांतर केले. जॉन टेलरचे इंग्रजी भाषांतर १८१६ साली मुंबईत, तर कोलब्रुकचे १८१७ साली लंडनमध्ये छापले गेले. ग्रंथात रीत होती, उदाहरण होते, उत्तर पडताळायची सोय होती, म्हणूनच तो सीमा ओलांडू शकला. एका संख्येच्या वर्गाची ६१ पट करून त्यात १ मिळवला तर पूर्ण वर्ग यावा, अशी सर्वांत लहान धन पूर्ण संख्या कोणती? भास्कराचार्यांच्याच ‘बीजगणिता’त चक्रवाल नावाच्या पद्धतीने याचे उत्तर निघते: २२,६१,५३,९८०. हाच प्रश्न फ्रान्सच्या फर्माने १६५७ साली आपल्या एका समकालीन गणितज्ञापुढे आव्हान म्हणून ठेवला. भास्कराचार्यांचा ग्रंथ तेव्हा पाचशे वर्षांचा होता.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मठ उणा पडतो. लेखानुसार तेथे भास्कराचार्यांचे आणि त्यांच्या वंशजांचे ग्रंथ शिकवायचे होते. बाहेरच्या शास्त्राला त्यात जागा दिसत नाही आणि त्या काळची समाजरचना पाहता तेलघाणा चालवणाऱ्याच्या मुलालाही नसावी. ज्याच्या तेलावर विद्या चालली, त्यालाच ती न मिळणे हा मोठा दोष आहे आणि प्राचीन वैभवाच्या अभिमानापोटी तो झाकू नये. बाहेरच्या शास्त्राचे म्हणाल, तर युक्लिडची भूमिती अरबीमधून संस्कृतात आली ती थेट अठराव्या शतकात, राजा जयसिंहाच्या आश्रयाने, जगन्नाथ सम्राटांच्या हातून.

आजच्या ‘इंटरनॅशनल’ शाळेचा दोष नेमका उलटा आहे. तेथे बाहेरचे सारे येते, पण येथून बाहेर देण्याजोगे काही घडवायची अपेक्षाच नसते. भरमसाट फी हा नव्या काळातला उंबरठा आहेच. आपल्या सरकारी आणि अनुदानित शाळांना याहून चांगली वाट मोकळी आहे. नववीच्या वर्गात ६१चे ते उदाहरण मांडावे, चक्रवाल आणि युरोपातली रीत शेजारी शेजारी सोडवावी, कोणती कुठे सोपी पडते ते मुलांनी मराठीत लिहावे आणि तेच इंग्रजीत करून दुसऱ्या देशातील एखाद्या वर्गाकडे तपासायला पाठवावे. त्याला लागतात चार-पाच तासिका, एक कॅल्क्युलेटर आणि अभ्यासक्रमाबाहेर पाऊल टाकल्याबद्दल जाब विचारला जाणार नाही, एवढा भरवसा असलेला शिक्षक.