हॅटन गार्डन : गुरुवार रात्र ते मंगळवार सकाळ

लंडनमधल्या हॅटन गार्डनच्या चोरीवर २०१६ ते २०१९ या काळात तीन चित्रपट आणि एक टीव्ही मालिका आली. निवृत्तीच्या वयातले चोर शेवटचा मोठा हात मारायला निघतात, एकाला मधुमेह, दुसऱ्याला पहाऱ्यावर डुलकी, आणि प्रेक्षक नकळत त्यांच्याच बाजूने श्वास रोखतो. मला ही कथा अशी सांगितलेली खटकते. ज्यांचे लॉकर फुटले त्यांच्यातही म्हातारी माणसं होती आणि त्यांची पुंजी त्या लॉकरमध्येच होती. म्हणून हे घड्याळ त्यांच्यासाठी लावतो.

गुरुवार, २ एप्रिल २०१५, रात्री सव्वाआठनंतर

हॅटन गार्डन म्हणजे लंडनचा झवेरी बाजार. हिरे, अंगठ्या, पैलू पाडणारे, दुरुस्ती करणारे, सगळे एकाच गल्लीत. ८८-९० क्रमांकाच्या इमारतीच्या तळघरात सेफ डिपॉझिट कंपनीची तिजोरी आणि तिच्यात जवळजवळ एक हजार लॉकर. दुसऱ्या दिवशी गुड फ्रायडे, त्याच संध्याकाळपासून ज्यू व्यापाऱ्यांचा पासओव्हर. लांबलचक सुट्टी म्हणून दुकानातला माल लॉकरमध्ये ठेवून माणसं घरी गेली. कर्मचाऱ्यांनी कुलपं लावली. आता उघडायचं ते थेट मंगळवारी सकाळी. तळघरात मुक्कामाला पहारेकरी नव्हता.

रात्री ९.२३

लाल केसांचा विग घातलेला एक माणूस खांद्यावर काळी पिशवी घेऊन इमारतीपाशी येतो आणि किल्लीने आत शिरतो. टोळीत त्याला ‘बॅसिल’ म्हणत. हा मायकल सीड. तो हाती लागायला पुढे तीन वर्षं गेली. त्याने आतून मागचं आणीबाणीचं दार उघडलं. बाकीचे चमकदार जाकिटं घालून, चाकांचे कचऱ्याचे डबे ढकलत आले. रस्त्यावरच्या माणसाला वाटावं, दुरुस्तीचे कामगार आहेत.

त्यांतला ब्रायन रीडर ७६ वर्षांचा. १९८३च्या ब्रिंक्स-मॅट दरोड्यातलं सोनं हाताळल्याबद्दल त्याने शिक्षा भोगलेली. तो आला बसने, ज्येष्ठ नागरिकांच्या मोफत पासवर, आणि पासही दुसऱ्याच्या नावाचा. टेरी पर्किन्स इन्सुलिन सोबत घेऊन आलेला. डॅनी जोन्स साठीचा. समोरच्या इमारतीत पाळतीवर केनी कॉलिन्स.

लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकवून ते मोकळ्या झालेल्या खड्ड्यातून तळघरात उतरले, टेलिफोनची तार कापली, अलार्मचा अँटेना मोडला.

शुक्रवार, रात्री १२.२१

या मिनिटाला सगळं थांबू शकलं असतं. अँटेना मोडूनही अलार्मचा संदेश बाहेर गेला. देखरेख करणाऱ्या कंपनीने पोलिसांना कळवलं. पोलिसांच्या नियंत्रण कक्षाने त्या कॉलला असा दर्जा दिला की कोणाला पाठवायची गरजच उरली नाही. प्रक्रिया पाळली गेली नाही, हे पोलिसांनी नंतर मान्य केलं आणि माफीही मागितली.

सुमारे १.१५

कंपनीचा सुरक्षारक्षक आला. पुढचं दार बंद, मागचं दारही बंद. पत्रपेटीच्या फटीतून त्याने डोकावून पाहिलं. काही दिसलं नाही. खोटा अलार्म असावा असं त्याने मालकाकडच्यांना कळवलं, तसे तिकडे यायला निघालेलेही वाटेतूनच परतले. रक्षक एकटा होता, निःशस्त्र होता. कुलूप उघडून एकट्याने तळघरात उतरावं अशी अपेक्षा त्याच्याकडून करणं मला बरोबर वाटत नाही. त्याच्या पाठीशी एक पोलीस गाडी असती तर? काही फुटांवर, जमिनीखाली, चोर होते.

पहाटेपर्यंत

तिजोरीच्या पोलादी दाराच्या वाटेला चोर गेलेच नाहीत. त्यांनी शेजारच्या भिंतीला हिल्टी कंपनीचं डीडी ३५० ड्रिल बसवलं. असं यंत्र भिंतीला घट्ट जखडतात. हिऱ्याची धार असलेला पोकळ दंडगोल काँक्रीट गोल कापत जातो आणि धार तापू नये म्हणून पाणी सुटत राहतं. हातोड्यासारखे दणके बसत नाहीत. अर्ध्या मीटर जाडीच्या भिंतीला एकमेकांत मिसळणारी तीन भोकं पडली. वाट झाली २५ सेंटिमीटर उंच, ४५ रुंद.

पलीकडे लॉकरांच्या कपाटाची पाठ, जमिनीला आणि छताला बोल्टने आवळलेली. तिला ढकलायला आणलेला हायड्रॉलिक पंप कामातून गेला. सकाळी आठच्या सुमारास मंडळी रिकाम्या हाताने परतली.

शनिवार, ४ एप्रिल

पर्किन्सचा ६७वा वाढदिवस. ३५वा होता १९८३ साली, त्यानेच भाग घेतलेल्या सिक्युरिटी एक्स्प्रेसच्या दरोड्याच्या दिवशी. तोही ईस्टरच्याच सुट्टीतला, सोमवार. रीडरने या दुसऱ्या फेरीतून अंग काढून घेतलं. जोन्स कॉलिन्सला घेऊन ट्विकनहॅमला गेला आणि नवा पंप विकत घेतला. पावतीवर नाव दिलं व्ही. जोन्स, पत्ता स्वतःच्याच रस्त्याचा.

या दिवसभरात तळघरातल्या भिंतीला भगदाड होतं आणि कोणालाही पत्ता नव्हता. एकाही लॉकरला अजून हात लागलेला नव्हता.

शनिवार रात्र ते रविवार सकाळ

रात्री परत आले तर मागचं दार कोणीतरी बंद करून गेलेलं. टोळीतला कार्ल वुड घाबरून निघून गेला, बाकीचे शिरले. पंप चालला, कपाट उलटलं. अंगाने सडपातळ म्हणून बॅसिल आणि जोन्स भोकातून आत सरपटले आणि एकेक लॉकर फोडत गेले. ७३ लॉकर. रविवारी सकाळी सातच्या आत डबे गाडीत चढले होते. माल सुमारे १ कोटी ४० लाख पौंडांचा.

मंगळवार, ७ एप्रिल, सकाळी ८

कर्मचाऱ्यांनी कुलपं उघडली आणि धूळ, पाणी, उचकटलेले डबे पाहिले. थोड्याच वेळात रस्त्यावर लॉकरवाले जमले. आपला लॉकर त्या ७३ मध्ये आहे का, हे तिथे उभं राहून कळत नव्हतं. एकेका डब्याचा मालक गाठायला पोलिसांना कितीतरी दिवस लागले. विम्याचे हप्ते परवडत नाहीत म्हणूनच अनेक छोट्या सराफांनी माल इथे ठेवलेला, म्हणजे भरपाईचा प्रश्नच नव्हता. कोणाची आयुष्यभराची बचत सुट्या खड्यांच्या रूपात होती, कोणाचं घरातलं वडिलोपार्जित सोनं. त्याच वर्षी कंपनीही दिवाळखोरीत निघाली.

कॉलिन्सने स्वतःची पांढरी मर्सिडीज वापरली होती. कॅमेऱ्यांत ती सापडली, गाड्यांत चोरून ऐकण्याची यंत्रं बसली, आणि १९ मेला धरपकड झाली. पर्किन्स, जोन्स आणि कॉलिन्सला प्रत्येकी सात वर्षं. पर्किन्स २०१८ मध्ये तुरुंगातच मेला. एडमंटनच्या कब्रस्तानात पुरलेला काही माल मिळाला, पण बराचसा आजवर सापडलेला नाही, आणि तो ज्यांचा होता त्यांच्यावर अजून कोणी चित्रपट काढलेला माझ्या पाहण्यात नाही.