"यांना कसले आलेत हक्क?"

तालुक्यात अत्याचाराची एखादी घटना घडली आणि मी बातमी टाकली की खाली कॉमेंट ठरलेल्या असतात. "फाशी द्या." "भर चौकात उभं करा." आणि हमखास एक, "यांना कसले आलेत हक्क?" मी स्वतः मुलीचा बाप आहे. हा संताप कुठून येतो ते मला कुणी समजावून सांगायला नको. पण हाच प्रश्न अमेरिकेतल्या कोर्टांसमोर अगदी कायद्याच्या भाषेत आला होता. त्याचं उत्तर काय आलं, ते आज सांगतो. पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा.

अमेरिकेत लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांना सुटल्यावरही पोलिसांकडे नाव-पत्ता नोंदवावा लागतो. 1994 च्या केंद्रीय कायद्यापासून ही नोंदवही देशभर पसरली. त्यातली बरीच माहिती लोकांसाठी खुली असते. ही नोंदवही म्हणजे जादा शिक्षाच आहे, असा आक्षेप अलास्कातून सुप्रीम कोर्टात गेला. 2003 मध्ये कोर्टाने तो फेटाळला. म्हणजे नोंदवही टिकली.

मग इंटरनेट आलं, आणि घराच्या पत्त्यासोबत ऑनलाइन पत्ताही मागायला सुरुवात झाली. जॉर्जिया राज्याने तर पासवर्डसुद्धा मागितले. 2010 मध्ये तिथल्या केंद्रीय न्यायालयाने त्याला रोखलं. त्याच वर्षी युटा राज्याचा कायदा मात्र वरच्या कोर्टात टिकला. का? कारण ही माहिती पोलिसांनी कशासाठी वापरायची, याची मर्यादा राज्याने दुरुस्ती करून कायद्यातच घातली होती.

खरी लढाई झाली कॅलिफोर्नियात. 6 नोव्हेंबर 2012 ला तिथे 'प्रस्ताव 35' मतदानाला आला. विषय मानवी तस्करीला कडक शिक्षेचा. नाही कोण म्हणणार? 81 टक्के लोकांनी 'हो' म्हटलं. पण त्यातच एक कलम होतं: नोंदवहीतल्या प्रत्येकाने आपली सगळी ऑनलाइन नावं पोलिसांना कळवायची. नवीन नाव घेतलं की 24 तासांत, तेही लेखी. नोंदवहीत माणसं होती 73 हजारांहून अधिक. कुणाचा गुन्हा वीस-तीस वर्षांपूर्वीचा, इंटरनेट घराघरांत पोचण्याआधीचा.

दुसऱ्याच दिवशी याचिका दाखल झाली. न्यायाधीश थेल्टन हेंडरसन यांनी स्थगिती दिली आणि नोव्हेंबर 2014 मध्ये नवव्या सर्किटच्या अपील कोर्टाने ती कायम केली. कोर्टाने तीन दोष दाखवले. नेमकं काय कळवायचं ते स्पष्ट नाही. दिलेली माहिती जाहीर होणार नाही याची पुरेशी हमी नाही. आणि 24 तासांची अट जाचक आहे. या तिन्हींचा परिणाम एकच: माणूस भीतीने बोलणंच टाळेल.

निनावी बोलण्याचं एवढं काय, असं वाटेल. 1995 चा ओहायोचा खटला बघा. शाळेच्या करवाढीविरुद्ध नाव न छापता पत्रकं वाटली म्हणून एका बाईंना 100 डॉलर दंड झाला होता. सुप्रीम कोर्टाने त्यांची बाजू उचलून धरली. गावात बलवान माणसाविरुद्ध बोलायचं तर नाव झाकावं लागतं, हे आम्हा पत्रकारांना वेगळं सांगायला नको. "माझं नाव घालू नका" म्हणून आलेल्या फोनवरच आमच्या निम्म्या बातम्या उभ्या राहतात.

पुढे 2017 मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा कायदा सुप्रीम कोर्टात पोचला. तिथे नोंदवहीतल्यांना, मुलं वापरू शकतात अशा सोशल मीडियावर जायलाच बंदी होती. एकाने वाहतुकीचा दंड रद्द झाल्याच्या आनंदात फेसबुकवर देवाचे आभार मानले, तेवढ्यावर तो दोषी ठरला. आठही न्यायाधीशांनी तो कायदा घटनाबाह्य ठरवला. मात्र मुलांशी संपर्क साधण्यावर नेमकी बंदी घालायला हरकत नाही, हेही निकालात आहे.

आता तारीख बघा. कॅलिफोर्नियात हे चाललं होतं त्याच नोव्हेंबर 2012 मध्ये आपल्या पालघरला दोन मुलींना अटक झाली. गुन्हा काय, तर मुंबई बंदवर एक फेसबुक पोस्ट आणि तिला दिलेलं एक लाइक. त्या मुलींनी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. त्यांची तुलना त्या गुन्हेगारांशी होऊच शकत नाही. साम्य आहे ते कायद्याच्या सैल शब्दांत. ते 66अ कलम आपल्या सुप्रीम कोर्टाने 24 मार्च 2015 ला रद्द केलं.

आपल्याकडेही 2018 पासून लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद आहे. ती फक्त तपास यंत्रणांना बघता येते. उद्या तिच्यात मोबाइल, युजरनेम, पासवर्ड जोडायची मागणी आली तर टाळ्या पडतील. तेव्हा तीन प्रश्न विचारा: कुणाकडून, कशासाठी आणि किती दिवस?

कॅलिफोर्नियाने शेवटी तेच केलं. 2017 पासून नियम फक्त इंटरनेट वापरून गुन्हा करणाऱ्या नव्या दोषींपुरता ठेवला आणि मुदत 30 कामाचे दिवस केली. मुलांचं रक्षण सोडलं नाही, जाळं नेमकं केलं.

नावडत्या माणसासाठी घाईत विणलेलं सैल जाळं आपल्याही पायात येतं. पालघरने ते दाखवलंय. पटत नसेल तर खाली लिहा. टोपणनावाने लिहिलंत तरी चालेल.